सतरा कुलपं

दगड आधी आला आणि मजकूर नंतर यायचा होता, तिथंच सगळा घोळ झाला. काळाभोर, गुळगुळीत, अर्ध्या दाराएवढा दगड जुन्या क्लबाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून चार दिवस उभा होता आणि त्याच चार दिवसांत शेटच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन आला, चटईवर मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "बोला, काय कोरू? पाचपर्यंत सांगा, म्हणजे रात्रीतून कोरून होईल. उद्या दुसरीकडे काम आहे आणि परवा तर तुमचं उद्घाटन."

"एकाच शब्दाचं अडलंय हो," शेट म्हणाले.

"एका शब्दासाठी चार दिवस? लोक एवढ्यात घर बांधतात."

अक्का वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पायाशी एक पत्र्याची ट्रंक. ती भाचीच्या गाडीतून आणताना गाडीचा मागचा भाग चांगला चार बोटं खाली बसला होता. भाचीनं दोनदा विचारलं होतं, "आत्या, यात आहे तरी काय?" आणि अक्कांनी दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं, "तुझ्या आजोबांचे दागिने." आता त्या ट्रंकेवर पाय ठेवून गंमत बघत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला रविवारी दुपारी याहून चांगला खेळ कुठे मिळणार?

दगडावरचं बाकी सगळं ठरलं होतं. वर बागेचं नाव. खाली साल. मग एक ओळ, ज्यांच्या साक्षीमुळे ही जागा लोकांची झाली त्यांच्या स्मरणार्थ. मग अण्णांचं, म्हणजे अक्कांच्या आणि शेटच्या वडिलांचं, नाव. आणि नावाखाली हुद्दा. घोडं पेंड खात होतं ते या हुद्द्यापाशी.

"मानद चिटणीस," शेट म्हणाले, चार दिवसांत चाळिसाव्यांदा.

"मार्कर," भाची म्हणाली. ती आर्किटेक्ट. क्लबाच्या या पडक्या इमारतीचं वाचनालय करायचं काम तिच्याकडेच होतं. तिनंच कोर्टाचा जुना निकाल शोधून काढला होता आणि स्वतःच्या बापाच्या, म्हणजे शेटच्या, झोपेची माती केली होती.

"मार्कर म्हणजे," बागेचे साहेब मध्येच म्हणाले, "फळ्यावर लिहायचा असतो तो?"

साहेब तसे गुणी होते. उद्यान खात्यात नवे, शर्टाच्या खिशात नेहमी बियांची पाकिटं. पण वय तिशीच्या आतलं, त्यांचा तरी काय दोष!

"नाही हो साहेब," अक्का म्हणाल्या. "आत त्या हॉलमध्ये बिलियर्ड्सचं टेबल होतं. सभासद खेळायचे आणि मार्कर गुण मोजायचा. भिंतीवरच्या पाटीवर काटा सरकवायचा, काठीच्या टोकाला खडू लावून द्यायचा, लांबचा चेंडू असला की आडकाठी पुढे करायचा. आणि तोंड बंद ठेवायचा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग."

"म्हणजे नोकर," शेट पुटपुटले. "अक्का, दगडावर नोकर कोरतात का कधी?"

"मग चिटणीस तरी कसा कोरायचा, बाळ्या? चिटणिसानं तर अण्णांना हाकलून दिलं होतं! ज्यानं हाकललं त्याचाच हुद्दा त्यांना चिकटवायचा?"

अडुसष्ट वर्षांच्या, शहरात हार्डवेअरची दोन दुकानं असलेल्या माणसाला चारचौघांत 'बाळ्या' म्हणणारी आता जगात एकच बाई उरली होती. शेटनी कारागिराकडे चोरून पाहिलं. कारागीर छिन्नीला धार लावण्यात गुंग असल्याचं सोंग करत होता.

"यांचं म्हणणं बरोबर आहे," वहिनी थर्मासातून चहा ओतत म्हणाल्या. "माझ्या लग्नात माझ्या बाबांना हेच सांगितलं होतं ना, सासरे क्लबात मानद चिटणीस होते म्हणून? आता बेचाळीस वर्षांनी बदलायचं म्हणजे माझीच फसवणूक की!"

असं म्हणून त्यांनी अक्कांच्या हातात कप दिला आणि डोळे मिश्किल चमकवून पुन्हा खाली घातले. अक्कांना ते खटकलं. वहिनी नवऱ्याची बाजू घेतात तेव्हा कुठंतरी पाणी मुरत असतं, हा त्यांचा जुना अनुभव. पण चहा गरम होता, त्यांनी तो आधी घेतला.

"आणि साहेब," वहिनींनी विषय बदलला, "ते मागचं फाटक का हो बंद केलंत? मागच्या गल्लीत भाजी घेतली आणि केवढा वळसा घालून आले! गुडघे बोलायला लागले माझे."

"सुरक्षेसाठी, काकू. पुढच्या फाटकावर पहारेकरी आहे, मागून कुणीही येतं. छान भक्कम कुलूप घातलंय. शेटच्याच दुकानातलं."

"पितळी, सात लिव्हरचं," शेट अभिमानानं म्हणाले. दुकानाचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप सुधारायचा. त्यांच्या दुकानात प्रत्येक कुलूप तीन किल्ल्यांनिशी यायचं आणि दोन किल्ल्यांनिशी जायचं. तिसरी शेटच्या जुडग्यात. गिऱ्हाईक किल्ली हरवून रडत आलं की शेट देवासारखे उभे राहायचे. याला ते सेवा म्हणत, अक्का याला वेगळं म्हणत.

"बरं," अक्कांनी कप खाली ठेवला. "आता माझं ऐका. मार्कर नको आणि चिटणीसही नको."

"मग काय?"

"जे सगळं गाव म्हणायचं ते लिहा. कुलूपचोर."

शेटचा चेहरा खर्रकन उतरला. सोळा वर्षांचा पोरगा असताना उतरायचा तसाच. अक्कांना क्षणभर वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं. शाळेत सभासदांची मुलं त्याच्या दप्तरात गंजकी कुलपं टाकायची, फळ्यावर कुलपाचं चित्र काढून ठेवायची. तो घरी येऊन मोरीत तोंड धूत बसायचा, डोळे लाल का झाले ते कुणाला कळू नये म्हणून. मोठा होऊन त्यानं दुकान काढलं तेही कुलपांचंच. कुणी काही म्हणू नये म्हणून असेल, की म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"अण्णा चोर नव्हते," शेट हळू आवाजात म्हणाले. "कुणी काही सिद्ध केलं नाही. तू त्या कोर्टात होतीस. तूच टाइप केलंस सगळं."

"केलं ना. म्हणून तर सांगते."

त्यांनी वाकून ट्रंकेची कडी काढली आणि झाकण मागे ढकललं.

आत कुलपं होती. लहान, मोठी, लोखंडी, पितळी, एक तर नारळाएवढं. सगळ्यांना तेल लावलेलं, एकावरही गंज नाही. भाचीनं वाकून मोजली. सतरा.

"अगं आई गं," भाची म्हणाली.

"बावन्न वर्षं माझ्या पलंगाखाली आहेत. दर वर्षी तेल घालते. तुमच्याकडे राहायला बोलावता आणि मी येत नाही, त्याचं कारण हे. एवढं ओझं घेऊन येऊ कुठे?"

मग अक्कांनी सांगायला सुरुवात केली आणि कारागिरानंही छिन्नी खाली ठेवली.

तेव्हा इथं बाग नव्हती. मेंदीच्या उंच कुंपणाआड क्लब होता, हिरवळ होती आणि 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी होती. मागच्या बाजूला गल्ल्या, छापखान्यातली माणसं, धोबी, शिंपी. त्यांना शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पुढच्या रस्त्याला. मधून गेलं तर पाच मिनिटं, वळसा घातला तर पाऊण तास. मागं एक छोटं लोखंडी फाटक होतं, माळ्यासाठी. रोज संध्याकाळी ते कुलूप लावून बंद करायचं काम मार्करचं.

"एकदा दोन वकील सभासद खेळत होते," अक्का म्हणाल्या. "खेळता खेळता एक दुसऱ्याला सांगतो, लोकांना कुठून वीस वर्षं बिनअडथळा जाऊ-येऊ दिलं ना, की वहिवाट पडते. मग मालकाचा बाप आला तरी रस्ता बंद करता येत नाही. अण्णा बाजूला उभे, हातात खडू. घरी आले आणि आईला म्हणाले, आज एक शब्द मिळाला. वहिवाट. त्याच आठवड्यात पहिलं कुलूप हरवलं."

"आणि क्लबानं नवीन आणलं," भाची म्हणाली.

"तेही हरवलं. वर अण्णा नेमानं सूचनावहीत लिहायचे, मोत्यासारखं अक्षर, 'मागच्या फाटकाचे कुलूप आढळले नाही. लोकांची ये-जा चालू.' खाली तारीख. वीस वर्षं! मग क्लबाला जागा इमारतींसाठी विकायची झाली. गल्लीवाले कोर्टात गेले. क्लबाच्या वकिलाला वाटलं, मार्करची चोरी उघडी पाडू, म्हणजे गल्लीवाल्यांची लबाडी आपोआप दिसेल. आणि त्यानं काय करावं? तीच सूचनावही कोर्टासमोर ठेवली! स्वतःच्या हातानं! वीस वर्षांची ये-जा, तारीखवार, क्लबाच्याच शिक्क्यासह. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा."

साहेब खो खो हसले. मग हसणं ट्रंकेकडे बघून थांबलं. "पण म्हणजे ही... चोरीचीच झाली की."

"न्यायाधीशांनी विचारलं ना अण्णांना, कुलपं कोणी नेली? मी समोर टाइपरायटरवर. आणि कुलपं माझ्याच पलंगाखाली. अण्णा म्हणाले, 'साहेब, मी मार्कर. मी फक्त मोजतो.' सगळं कोर्ट हसलं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. टायपिस्टला तर कधीच कुणी काही विचारत नाही."

खटला गल्लीनं जिंकला. पण चिटणिसानं दुसऱ्या दिवशी अण्णांना काढून टाकलं आणि जाताना व्हरांड्यात मोठ्यांदा म्हणाला, कुलूपचोर. आधीपासून दबक्या आवाजात चाललेलं ते नाव आता शहरभर झालं. वहिवाटीमुळे जागा विकत घ्यायला कुणी पुढे येईना, सभासद हळूहळू पांगले, जागा शहराकडे आली आणि बाग झाली. क्लबाच्या इमारतीत मग गवत कापायची यंत्रं ठेवली, नंतर मतमोजणी झाली, नंतर वटवाघळं आली. अण्णा मरेपर्यंत रोज संध्याकाळी मागच्या फाटकाशेजारच्या बाकावर बसायचे. मोजायचे. आज दोनशे बारा माणसं गेली, असं घरी येऊन सांगायचे.

"आत्या, गोष्ट फार भारी आहे," भाचीनं आता सूर बदलला, "पण दगडावर नको. उद्या कुणी तक्रार केली तर माझं काम अडकेल. आपण मार्करच लिहू ना."

"बघा, फुटली!" अक्का म्हणाल्या. "काल रात्रीपर्यंत माझ्या बाजूला होती."

शेट मात्र ट्रंकेकडे सरकले होते. दुकानदाराचा हात, समोर कुलूप दिसल्यावर गप्प कसा बसणार? ते एकेक उचलून बघत होते. शेवटी ते नारळाएवढं उचललं. ते बंदच होतं आणि त्याच्या कडीत फाटकाचा कोयंडा अजून अडकलेला होता, स्क्रूसकट.

"हे उघडलेलंच नाही," ते म्हणाले. "हे काय प्रकरण?"

"ते शेवटचं, खटला सुरू झाल्यावर लावलेलं. चिटणिसानं किल्ली स्वतःकडे ठेवली होती. निकालानंतर अण्णांनी कोयंड्यासकट उपटून आणलं."

"पण मग त्याआधी? हे सहा-सात महिने तरी फाटकावर असणार. किल्ली अण्णांकडे नाही, कुलूप बंद. मग लोक जायचे कुठून?" शेटमधला कुलूपवाला जागा झाला होता. "ही जातच अशी आहे की तारेनं उघडत नाही. तोडलेलंही नाही. शक्यच नाही!"

खरं म्हणजे हे अक्कांनाही माहीत नव्हतं. अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

"बिजागरीकडून," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. वहिनी रिकामे कप गोळा करत होत्या.

"काय म्हणालीस?"

"बिजागरीच्या खिळ्या काढून ठेवल्या होत्या. कुलूप उजवीकडे लावलेलं, आम्ही डावीकडून फाटक उघडायचो. उलटं. रोज सकाळी चिटणीस येऊन कुलूप हलवून बघायचा, खूश होऊन जायचा." वहिनींना आता हसू आवरेना. "आम्ही पोरी कुंपणाआड बसून बघायचो हो! तोंडात फ्रॉक कोंबून!"

"आम्ही म्हणजे कोण?" शेट म्हणाले.

"छापखान्याच्या मागच्या गल्लीतल्या. मी बारा वर्षांची होते. शाळेला त्याच वाटेनं जायची."

"पण तुझं माहेर तर..."

"ते नंतर. बाबांना बढती मिळाली तेव्हा घर बदललं. तुम्ही कधी विचारलंत का, आधी कुठं राहायचात म्हणून? तुम्ही आपले चिटणीस, चिटणीस करत होता."

शेट व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. कुलूप त्यांच्या मांडीवर तसंच. "म्हणजे लग्नात तुला माहीत होतं?"

"मला? माझ्या आईला, बाबांना, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुमच्या मध्यस्थानं मानद चिटणीस म्हणून सांगितलं तेव्हा बाबा चिडले, म्हणाले, त्या चिटणिसाच्या घरात मुलगी देणार नाही. मग आईनं चौकशी केली आणि हसत सुटली. अहो, हे तर कुलूपचोराचं घर! मग कसली पत्रिका नि कसली बोलणी! बाबा म्हणाले, ज्यानं माझ्या तापानं फणफणलेल्या पोरीला पाच मिनिटांत दवाखान्यात पोचू दिलं, त्याचं घर म्हणजे... आणि बाबा उठून देवाजवळ साखर ठेवून आले."

वहिनींनी पदरानं कप पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती.

"आमच्या गल्लीत ती शिवी नव्हती हो," त्या म्हणाल्या. "आम्ही रस्त्यात अण्णा दिसले की ओरडायचो, कुलूपचोर आले, कुलूपचोर आले! आणि ते खिशातून निळा खडू काढून आमच्या नाकाला लावायचे. तुम्ही शब्द तोच ऐकलात. फक्त चुकीच्या लोकांकडून."

बाहेर हिरवळीवर कुणीतरी पाण्याचा नळ सोडला होता. अक्का भावाकडे बघत होत्या. बावन्न वर्षं त्यांनी कुलपांना तेल घातलं होतं, भावाला हे सांगायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी त्यांना जमलं नसतं. बाहेरून आलेल्या बाईला जमलं. या गोष्टीचा त्यांना थोडा राग आला आणि पुष्कळ आनंद झाला.

"बेचाळीस वर्षं गप्प बसलीस," शेट शेवटी म्हणाले.

"तुम्ही चिटणीस म्हणताना इतके छान दिसायचात! मोडवेना."

कारागीर खाकरला. "पावणेपाच झाले."

शेट उठले. कोटाची बटणं लावली, दुकानात मोठं गिऱ्हाईक आल्यावर लावतात तशी. "लिहा," ते म्हणाले. "कुलूपचोर."

"अहो शेट!" साहेब दचकले. "सरकारी दगडावर चोर? वर मी काय सांगू?"

"सांगा, शब्द सरकारीच आहे," अक्का म्हणाल्या. "निकालाच्या कागदात आहे, 'ज्यास लोक कुलूपचोर म्हणतात'. मीच टाइप केलाय. चार प्रतींत."

"आहे खरा," भाची म्हणाली. फायलीतलं पान तिनं उलगडलंच होतं. पोरगी पुन्हा बाजू बदलून आपल्या जागेवर आली होती. "सातव्या पानावर. आणि ही कुलपं आपण आत वाचनालयासाठी आलेल्या काचेच्या कपाटात आत्ताच ठेवू."

साहेबांनी कारागिराकडे आशेनं पाहिलं. "तुम्हाला तरी हे बरं वाटतं का?"

"साहेब, चोरांची नावं मी आजवर पुष्कळ कोरली," कारागीर म्हणाला. "हुद्दा पहिल्यांदाच कोरतोय. बोला बाई, उकार कसे?"

"पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ," अक्का म्हणाल्या. "आणि नीट खोल कोरा. काळ्या दगडावरची रेघ आहे."

साहेबांनी हात वर केले आणि हसत हसत बियांची पाकिटं सावरली.

साडेपाचला मंडळी निघाली. कुलपं कपाटात गेल्यामुळे ट्रंक आता रिकामी होती. ती शेटनी स्वतः उचलली. भाची पुढच्या फाटकाकडे वळली, पण शेट म्हणाले, "तू गाडी मागं आण. आम्ही इकडून येतो. हिचे गुडघे दुखतात."

"मागचं फाटक बंद आहे ना पण?" वहिनी म्हणाल्या.

शेट बाकापर्यंत चालत गेले, अण्णांच्या बाकापर्यंत, आणि फाटकासमोर थांबले. पलीकडे गल्लीत दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, वळसा घालावा की नाही याचा विचार करत. शेटनी मागं एकदा पाहिलं, पुढं एकदा पाहिलं. खिशातून जुडगा काढला. खट्ट आवाज झाला. कडीतून सुटलेलं पितळी कुलूप रिकाम्या ट्रंकेत पडलं आणि एकटंच खणखणलं.

"अठरावं," अक्का म्हणाल्या.

बायका आत आल्या आणि आभारही न मानता भराभरा पुढच्या रस्त्याकडे निघून गेल्या. अक्कांनी बोटांवर मोजलं, दोन.

तेवढ्यात क्लबाच्या पायरीवरून साहेबांची हाक आली. "शेट! अहो शेट! मागच्या फाटकाचं कुलूप दिसत नाहीये हो! तुम्ही बघितलंत का?"

शेटनी ट्रंकेचं झाकण पायानं हळूच लावलं.

"साहेब, मी दुकानदार," ते ओरडून म्हणाले. "मी फक्त विकतो!"